घर रिकामं, आत मी

जवळचं नीट दिसतंय का ते बघायला मी गिऱ्हाइकाच्या हातात छापील तक्ता देते, पण हल्ली तक्ता कुणाला नको असतो. जो तो खिशातून आपला फोन काढतो आणि चष्म्याचा नवा नंबर त्याच्यावरच ताडून बघतो. माझी ना नसते. माणसाला शेवटी जे वाचायचंय तेच वाचता आलं पाहिजे. तर त्या दुपारी एक वयस्क गृहस्थ माझ्यासमोर बसले होते. नाकावर भिंगं बदलायची ती जड गोल चौकट, तिच्या ओझ्यानं कान थोडे पुढे वाकलेले, शेजारी त्यांची बायको पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली, जणू नवरा डोळे तपासून घेतोय तेवढ्यात कुणीतरी ती लांबवणार आहे. गृहस्थांनी फोन हातभर लांब धरला, मग जवळ आणला, आणि शाळेत उभं राहून धडा वाचावा तसं मोठ्यानं वाचायला लागले. दोन खोल्या, स्वयंपाकघर. दुसरा मजला. भरपूर उजेड. ताबा ताबडतोब. सध्या रिकामं. वाचून झाल्यावर ते स्वतःवरच खूश झाले आणि फोन माझ्यापुढे करत म्हणाले, "बघा हो बाई, घर खरंच एवढं छान आहे, का तुमच्या भिंगातून दिसतंय?" बायको हसली. मीही हसायच्या तयारीनं वाकले. पडद्यावर माझी खिडकी होती.

माझी म्हणजे माझीच. तिच्या उजव्या कोपऱ्यातली काच बाकीच्या काचांहून किंचित हिरवट आहे, मागाहून बसवलेली, आणि त्या हिरवटपणामुळे दुपारचं ऊन जमिनीवर पडतं तेव्हा त्याचा एक तुकडा पाण्यासारखा दिसतो. फोटोतही तो तुकडा पडला होता. सकाळी त्याच खिडकीच्या दांडीवर मी ओला टॉवेल पसरून आले होते. या घटकेला तो तिथे वाळत असणार, एका बाजूनं कडक झालेला असणार. ओट्यावर माझा कप पालथा असणार. आणि इथे हे भले गृहस्थ स्पष्ट, स्वच्छ उच्चारात वाचत होते, सध्या रिकामं. स्वतःच्या निधनाची बातमी कुणी समोर बसून वाचून दाखवावी, आणि वर विचारावं की अक्षर बारीक वाटत नाही ना, तसं झालं. फोटो मी आणखी जवळून बघितला. जिथे आमचं टेबल आहे आणि टेबलाशी आईची खुर्ची आहे तिथे एक निळा सोफा होता. असला सोफा आमच्या घरात कधी आला नाही, जिन्याच्या वळणातून तो वर चढलाच नसता. सोफ्याशेजारी एक उंच झाड कुंडीत उभं होतं, हिरवंगार, कुणीच पाणी न घातलेलं. टेबल पुसलं होतं, खुर्ची पुसली होती, भिंतीवर खुर्चीची पाठ घासून पडलेला डागसुद्धा पुसला होता. तो डाग मी सोडा लावून, लिंबू लावून, नखानं खरवडून काढायला गेले होते आणि हरले होते. यांनी तो बोट न लावता काढला.

गृहस्थ थांबले होते. मी एक भिंग काढलं, दुसरं लावलं आणि विचारलं, आधीचं बरं की हे बरं. आमच्या कामात दिवसभर हाच प्रश्न विचारायचा असतो. लोक घाबरतात. चुकीचं उत्तर दिलं तर जन्मभर चुकीचं दिसेल असं त्यांना वाटतं. मोठमोठे अधिकारी माझ्यासमोर घाम पुसतात, पुन्हा दाखवा म्हणतात, माझ्या चेहऱ्याकडे चोरून बघतात, की बरोबर उत्तर तिथे कुठे लिहिलंय का. दोन्ही सारखंच दिसतं, असंही उत्तर देता येतं, हे फार थोड्यांना सुचतं. ते गृहस्थही बराच वेळ आधीचं, नंतरचं, आधीचं करत राहिले, आणि मी भिंगं बदलत राहिले. माझे हात नेहमीसारखे चालले होते. हात शहाणे असतात. बाकीची मी आतल्या आत उकळत होते.

घर विकायला माझी ना नव्हती, हे आधी सांगायला हवं. आई गेल्यावर ते घर आम्हा दोघांच्या नावावर झालं, माझ्या आणि धाकट्याच्या, अर्धं अर्धं. धाकटा लग्न झाल्यापासून दुसऱ्या शहरात, मी आईपाशी. दोन मजल्यांचे जिने आता माझ्या गुडघ्यांना नको झालेत. पिशवी घेऊन चढताना मी मधल्या वळणावर थांबते आणि जुनी ओळख निघाल्यासारखी त्या कठड्याशी उभी राहते. म्हणून धाकटा म्हणाला विकू, तेव्हा मी म्हटलं, विकू. माझ्या अर्ध्यात मला एक खोली हवी होती. दुकानाजवळ, तळमजल्यावर, एकच खोली, पण दार माझं. फार मोठं मागणं नव्हतं. एवढंच, की आधी ते दार ठरू दे आणि मग या दाराची किल्ली दुसऱ्याच्या हातात जाऊ दे. आणि इथे जगभर पुकारा चालला होता की ताबा ताबडतोब. म्हणजे उद्या कुणी हो म्हटलं तर परवा मी माझा कप, माझा टॉवेल आणि आईची खुर्ची घेऊन कुठे उभं राहायचं ते जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं. कसं लिहितील. रिकाम्या घरातून कोण बाहेर पडणार?

संध्याकाळी परतताना रस्त्यावरच्या खिडक्या मी पहिल्यांदाच तशा बघितल्या. बॅगा दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरची, औषधवाल्याच्या वरची, कोपऱ्यावरची, जिथे एक म्हातारा कायम बनियनवर उभा असतो. प्रत्येकीत दिवा लागला होता, आणि प्रत्येकीबद्दल मला शंका यायला लागली की कुठल्या तरी पडद्यावर हिच्यापुढेही काही लिहिलं असेल, आणि आतल्यांना ते माहीत नसेल. घरी पोचले, कुलूप काढलं, दार ढकललं. दिवा न लावता दारातच उभी राहिले आणि विचारलं, "आहे का कुणी?" माझा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि भांड्यांना लागून परत आला. मग मीच उत्तर दिलं, आहे. हसू आलं. टॉवेल वाळून पापडासारखा कडक झाला होता. मी तो घडी न करता खुर्चीच्या पाठीवर टाकला, कुणीतरी राहतं असं दिसावं म्हणून.

चूक माझीही नव्हती असं नाही, पण तिला चूक म्हणायला मी तयार नाही. धाकट्यानं फोनवर सांगितलं होतं की एक मुलगी येईल, तू फक्त दार उघड. ती आली, केस वर बांधलेले, खांद्यावर कॅमेरा, आवाज मधासारखा. घर तिला फार आवडलं. बाहेरच्या खोलीत तिनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाली, ताई, जराशा बाजूला. मी आतल्या खोलीत गेले. थोड्या वेळानं ती तिथे आली, ताई, जराशा. मी स्वयंपाकघरात गेले. चहा टाकला होता, चमचा हातात होता. ताई, इथेही एक घेते हं. मी न्हाणीघरात गेले, तर तिला न्हाणीघरही हवं होतं. शेवटी सगळ्या खोल्या संपल्या आणि मी हातात ओला चमचा घेऊन बाहेर जिन्यावर आले. तिला दारामागचा कोपरा घ्यायचा होता म्हणून तिनं दार लावून घेतलं, सॉरी हं ताई असं म्हणून. माझ्याच घराचं दार माझ्या तोंडावर लागलं, आणि तेही इतक्या गोडीनं की मी मान डोलावली. तिथे उभी असताना मी दारावरची पाटी वाचली. इतक्या वर्षांत ती वाचायची वेळ आली नव्हती, आपल्या दारावरची पाटी कोण वाचतं. आईचं नाव होतं, अजून. आतून खटक खटक आवाज येत होता. प्रत्येक खटक्याला मी घरातून थोडी थोडी कमी होत होते, आणि चहा उतू जाईल एवढीच मला काळजी होती.

आई खुर्चीत बसून गुणगुणायची. तिच्या ओळी कुठून आलेल्या नसायच्या, तिच्याच असायच्या. हाताला काम लागलं की तोंडाला ओळ लागायची, आणि काम संपलं की ती ओळ भाजीच्या देठांबरोबर टाकून द्यायची. एक तेवढी माझ्यापाशी उरलीय.

माझ्या घराला खांब किती, विचारी गं सोयरा,
एक मी, एक माझी लेक, बाकी वाऱ्याचा पहारा.

धाकटा लहान होता तेव्हा या ओळीवर रुसायचा. मी कुठाय त्यात, मी कुठाय, असं तिच्या पदराला लोंबकळून विचारायचा. आई म्हणायची, अरे तू वारा. मग तो हात पसरून दोन्ही खोल्यांतून सूं सूं करत पळायचा, दारं आपटायचा, माझ्या वह्यांची पानं उडवायचा, आणि आम्ही दोघी खांब असल्यासारख्या मुद्दाम ताठ बसायचो. तो वारा आता दुसऱ्या शहरात एका काचेच्या कचेरीत बसतो, आणि त्यानं बोटाच्या टोकानं एक खांब जाहिरातीतून काढून टाकला.

मी त्याला फोन लावला. तो जेवत होता, मागे भावजय भाचीला काहीतरी रागवत होती. रिकामं का लिहिलंस म्हणून मी विचारलं ते त्याला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा त्याला हायसं वाटलं, एवढंच ना, अशा सुरात. त्या संकेतस्थळावर म्हणे तीनच पर्याय असतात. मालक राहतात, भाडेकरू राहतात, रिकामं. तिसऱ्यावर बोट ठेवलं की घर यादीत वर दिसतं. मालक राहतात म्हटलं की लोक कचरतात, त्यांना वाटतं हे लवकर निघायचे नाहीत. "अगं ताई, ती नुसती टिचकी आहे," तो म्हणाला. "खरं काय ते आपल्याला माहीत आहे ना." मग त्यानं मला दलाल आणि संकेतस्थळ यांतला फरक समजावून सांगितला, लहान मुलाला चंद्र दाखवावा तसा. दलाल काय करतो, तर दार उघडतो आणि किमतीतला वाटा खातो. इथे एकदाच ठरलेली फी भरायची, बाकी सगळं आपल्या हातात. आपल्या म्हणजे कुणाच्या, ते मी विचारलं नाही. मी एवढंच विचारलं, की कुणी हो म्हणालं तर मी कुठे जाऊ. तो खरोखर गोंधळला. "कुठे म्हणजे? आमच्याकडे. ठरलंय ना आपलं. तूच म्हणालीस, बघू."

बघू. मी भिंतीला टेकले. आमच्या घरात बघू म्हणजे नाही. जगात इतरत्र काय असेल ते असो, या दोन खोल्यांत बघू म्हणजे नाही. सहलीला जाऊ का, बघू. नवे बूट, बघू. मला बघायला आलेल्या त्या बँकेतल्या माणसाच्या आईनं विचारलं होतं की नोकरी सोडेल ना मुलगी, तेव्हा आई चहाची कपबशी पुढे करत म्हणाली होती, बघू, आणि मी आतून ते ऐकून सुटकेनं डोळे मिटले होते. नाही म्हणताना समोरच्याचा चेहरा पडतो, तो पडू नये म्हणून आईनं शोधलेला हा शब्द. त्याच्यावर आम्ही दोघं वाढलो. भावजयीनं मागच्या भेटीत मला ती खोली दाखवली, भाचीच्या अभ्यासाची, तिच्यात घडीचा पलंग, पलंगाच्या डोक्याशी खोक्यांचा ढीग, दार सरकतं, त्याला कडी नाही. तेव्हा मी जे म्हटलं ते आमच्या घरच्या भाषेत पुरेपूर नाही होतं. धाकट्याला ते हो ऐकू आलं. कधी विसरला तो, कुठल्या वर्षी, कुठल्या मीटिंगमध्ये त्याचा हा एक शब्द बदलून गेला, आणि त्यानं कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी त्या संकेतस्थळाच्या मदतीच्या नंबरावर फोन केला. आधी एका बाईच्या ध्वनिमुद्रित आवाजानं मला कुठलं बटण कशासाठी ते सांगितलं. माझं म्हणणं कुठल्याच बटणात बसत नव्हतं. बऱ्याच वेळानं खरी मुलगी आली. मी म्हटलं, तुमच्याकडे एक घर रिकामं लिहिलंय, त्यात मी राहते. ती म्हणाली, आपण भाडेकरू का? मी म्हटलं, मालक. ती म्हणाली, मग मॅडम, जाहिरात आपण दिलीय का? मी म्हटलं, भावानं. ती म्हणाली, मग बदल तेच करू शकतील, सिस्टीममध्ये त्यांचं नाव आहे. मी म्हटलं, बाळ, मी सकाळी त्याच घरातून आले, कुलूप लावून आले. ती म्हणाली, मी समजू शकते मॅडम. ती काहीही समजू शकत नव्हती, आणि त्यात तिचा दोष नव्हता. चिडायला म्हणून मी शब्द जमवले, पण त्यांना पडायला जागाच सापडेना. ही मुलगी खोटं बोलली नव्हती. भावाच्या मते तोही बोलला नव्हता, त्यानं टिचकी मारली होती. संकेतस्थळ तर बोलतच नाही. एवढं मोठं खोटं चारचौघांत उभं, आणि ते कुणाच्याच तोंडातून निघालेलं नाही. मी फोन ठेवला आणि डबा न खाताच तसाच बंद केला.

मग मी किल्लीवाल्याकडे गेले. आमच्या भागात घरांचे व्यवहार करणारा हा जुना माणूस, त्याला नाव असेलच, पण सगळे किल्लीवालाच म्हणतात. एका इमारतीच्या जिन्याखाली त्याची कचेरी, एक टेबल, एक बाक, आणि मागच्या फळीवर खिळ्यांना लटकवलेल्या किल्ल्याच किल्ल्या, पंखा फिरला की त्या हळूच एकमेकींना लागतात. तो घरी आला, जिना चढून दमला, आणि खुर्चीकडे बघून त्यानं विचारलं, बसू का. मला तेवढ्यानंच बरं वाटलं. त्यानं भिंतींवर तळहात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा, एका ठिकाणी थांबून म्हणाला, इथे ओल येते, हो ना. खिडकीतली वेगळी काच त्याला दिसली. घर फार निगुतीनं ठेवलंय म्हणाला. चहा बशीत ओतून प्यायला. संकेतस्थळाचं ऐकून तो हसला आणि म्हणाला, "ताई, तो फोन तुमचं घर साऱ्या जगाला दाखवील. पण जग जिना चढून आलं की दार कोण उघडणार?" मला वाटलं, हा आपला माणूस. मी त्याला दुसरी किल्ली काढून दिली, मी दुकानात असताना गिऱ्हाईक दाखवायला. मला खोली हवी आहे तीही सांगितली. तो म्हणाला, काळजीच सोडा.

काळजी मी सोडलीही. आठवडाभर मी जिना हलक्या पायांनी चढले. मग एके दिवशी दुकानात डोकं फार ठणकायला लागलं म्हणून लवकर निघाले, आणि मधल्या वळणावर कठड्याशी टेकले तेव्हा वरून त्याचा आवाज आला. दार उघडं होतं. आत एक जोडपं होतं, बाईच्या टाचांचा आवाज माझ्या खोल्यांतून फिरत होता. किल्लीवाला सांगत होता, मालक बाहेरगावी असतात, मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांची बहीण असते इथे, घर सांभाळायला. टाचा थांबल्या. ती बाई म्हणाली, "मग तिचं काय? नंतर त्रास नको." आणि तो म्हणाला, "छे हो. गरीब आहे. तुम्ही हो म्हणा, बाईंना मी हलवतो."

गरीब आहे. हा शब्द मी ओळखते. हा पैशाचा गरीब नव्हे. गाय विकताना म्हणतात तो, लाथ मारत नाही, कुणीही धार काढावी. भिंतीवरून त्यानं फिरवलेला तो तळहात मला आठवला आणि माझ्या पाठीवर काटा आला. मी तशीच उभी राहिले. पुन्हा जिन्यावर, पुन्हा दाराबाहेर, आणि आत माझ्याच घरात माझ्याबद्दल बोलणं चाललेलं. एकानं मला नाही म्हणून लिहिलं, दुसऱ्यानं राखणीला ठेवलेली म्हणून सांगितलं. आधीचं बरं की हे बरं. मीच मला विचारलं, दुकानातल्या आवाजात, आणि माझ्या कपाळाची शीर थडथडत होती. दोन्ही सारखंच दिसतं. दोन्हींतून मी दिसत नाही. ते तिघं बाहेर आले. जोडपं माझ्या अंगाला अंग न लावता, जिन्यावर कुणी अनोळखी असावं तशा सभ्यतेनं खाली उतरलं. मागून किल्लीवाला आला आणि मला बघून थबकला. "अरे ताई, आज लवकर?" असं म्हणाला तो. पण त्याचे कान लाल झाले. आधी एक, मग दुसरा. मी बघत राहिले. त्यानं रुमाल काढून मान पुसली, काहीतरी पुटपुटला, किल्ली खिशात टाकायची की मला द्यायची ते त्याला कळेना, आणि तो एवढ्या घाईनं उतरला की खालच्या पायरीवर अडखळला.

ते लाल कान घेऊन मी दोन रात्री जागी राहिले म्हणायला हरकत नाही, पण झोपही लागली मधेमधे. संताप विझला नव्हता. तो दगडासारखा गार झाला होता आणि त्याच्यावर आता बसता येत होतं. मला एवढं कळलं होतं की खोटं दोघांनीही केलं, पण एकाचं खोटं पकडलं तेव्हा रक्त कुठेतरी चढलं. त्या संकेतस्थळावर रक्त चढायला कानच नाहीत. ज्याला लाजवता येतं त्याच्याशी निदान भांडता येतं. बाकी कमिशन, फी, वर दिसणं, खाली दिसणं, हे सगळं धाकट्यासाठी. मला घर विकायला असा कुणीतरी हवा, ज्याच्या समोर उभं राहून मी म्हणू शकेन की काय रे बोललास तू.

धाकट्याला मी सकाळी फोन केला. म्हटलं, ती जाहिरात काढ, घर किल्लीवाला विकेल. तो चिडला. दलालाला फुकटचा वाटा द्यायचा? तुला कुणी फूस लावली? मी म्हटलं, त्याला तोंड आहे. तो म्हणाला, म्हणजे काय. मी म्हटलं, म्हणजे तोंडावर बोलता येतं. मग त्यानं आवाज खाली आणला, लहानपणी ताप आला की आणायचा तसा, आणि म्हणाला, बरं, कसंही विकू, पण तू आमच्याकडे येणार ना? माझ्या जिभेवर तो शब्द आलाच होता, गोल, गुळगुळीत, आईनं घासून घासून केलेला. मी तो गिळला. गिळताना दुखला.

"नाही," मी म्हटलं.

मग तो म्हणाला, आधीच सरळ सांगायचं ना ताई. मी म्हटलं, सरळच सांगितलं होतं, बघू म्हणून. तू आपली भाषा विसरलास. तो हसेल असं मला वाटलं, मी हसायला जागाही ठेवली होती. तो हसला नाही. बारीक आवाजात म्हणाला, खरंच विसरलो गं. आणि जाहिरात त्यानं दुपारी काढली.

किल्लीवाला मला जिन्याखाली बघून उभा राहिला. मी म्हटलं, माझी किल्ली द्या. त्यानं फळीवरून ती काढली आणि टेबलावर ठेवली, आणि हात मागे घेतला. त्याला वाटलं काम गेलं. मी म्हटलं, काम तुमचंच, किल्ली माझी. यायचं असेल तेव्हा बेल वाजवायची. मी घरी असेन तेव्हाच यायचं. त्यानं विचारलं, आणि लोकांना सांगू काय? मी म्हटलं, मालक घरात राहतात, त्यांचं दुसरं घर ठरलं की ताबा मिळेल. आणि ते दुसरं घरही तुम्हीच शोधायचंय, तळमजल्यावर, दुकानाजवळ, दाराला कडी असलेलं. तो म्हणाला, ताई, असं म्हटलं तर गिऱ्हाइकं पळतील. पळू देत, मी म्हटलं, जी टिकतील ती आणा. त्यानं कपाळ खाजवलं. मग टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी मी जरा… बोलण्याच्या ओघात." मी म्हटलं, ओघात गाय विकतात. त्याचे कान पुन्हा चढायला लागले तशी मी निघाले. उगाच जास्त शिजवण्यात अर्थ नव्हता, मला त्याच्याकडून काम करून घ्यायचं होतं.

पुढे बरीच गिऱ्हाइकं पळाली. त्यानं मला दोन खोल्या दाखवल्या, एकीत अंधार होता, दुसरीच्या खिडकीसमोर भिंत. तिसरी अजून बघायचीय, तिचा मालक गावाहून यायचाय. मग एका सुट्टीच्या सकाळी बेल वाजली तेव्हा मी भाजी निवडत होते. हात तसेच ओले. दार उघडलं तर किल्लीवाला दोन पायऱ्या खाली कठड्याला धरून धापा टाकत होता, आणि दारात एक बाई उभी होती, माझ्याहून लहान, एकटीच, खांद्यावर जड पिशवी, जिना चढून गालांवर रंग आलेला. त्यानं खालूनच ओळख करून दिली, या… मालक. मधे थोडा अडला, पण म्हणाला. बाईनं माझ्या खांद्यावरून आत बघितलं, टेबलाकडे, खुर्चीकडे, जमिनीवर पसरलेल्या देठांकडे, मग माझ्याकडे. तिला खोटं बोलायची सवय नसावी, कारण जे मनात होतं तेच तिनं पहिल्या श्वासात विचारलं.

"तुम्ही कधी निघणार?"

छातीत ते सगळं एकदम वर आलं. मग मला दिसलं की तिच्या पिशवीचा पट्टा तिच्या खांद्यात रुतत चाललाय आणि दम तिच्या ओठांत अडकलाय.

"ते सांगते," मी म्हटलं. "आधी आत या."

दारातून मी बाजूला झाले नाही. एका माणसाला जाता येईल एवढीच वाट ठेवली, आणि ती पिशवी सावरत, माझ्या खांद्याला खांदा घासून आत आली.